शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांचे आभार कसे मानावेत? भेटवस्तू द्यावी का?

भेटवस्तूची गरज नाही. आभार मात्र दोनदा माना, पत्र सादर झाल्यावर लगेच दोन-चार ओळींचा मेल आणि निकाल लागल्यावर पुन्हा एकदा, मग प्रवेश मिळो वा न मिळो. मी स्वतः दर वर्षी अशी पत्रं लिहिते. विद्यार्थ्याने आठ ठिकाणी अर्ज केला की आठ वेगळ्या लिंक येतात, आणि मूळ पत्र एकच असलं तरी बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र फॉर्म असतो: किती काळ ओळखता, बरोबरीच्या मुलांत हा वरच्या किती टक्क्यांत बसतो, वगैरे. एवढं करूनही पुढे त्या मुलाचं काय झालं हे अनेकदा कळतच नाही, आणि आम्हाला नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं. नकार आला तरी कळवा, खरंच. पुढच्या वर्षी पुन्हा पत्र लागलं तर मागायला संकोच वाटत नाही.

दुसऱ्या मेलमध्ये हे लिहा:
- कुठे प्रवेश मिळाला, कुठे जायचं ठरवलं
- त्यांच्याकडून शिकलेली एक नेमकी गोष्ट. ‘प्रयोगाची नोंद त्याच दिवशी लिहायची सवय तुमच्यामुळे लागली’ हे एक वाक्य दहा विशेषणांपेक्षा जास्त पोचतं.

एकाहून जास्त प्राध्यापकांनी पत्र दिलं असेल तर सगळ्यांना तोच मजकूर चिकटवून पाठवू नका. हाताने लिहिलेलं कार्ड चालेल, पण महागडी वस्तू नको, निकालाआधी तर मुळीच नको. अनेक संस्थांत विद्यार्थ्यांकडून भेट घेण्यावर नियम असतात आणि प्राध्यापक अडचणीत येतात.