वाचकांचे प्रश्न : ‘वॉरहॅमर ४०,०००’मधले विडंबन आणि वाढलेली गर्दी

प्रश्न : मी पंधरा वर्षांपासून ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा रंगवलेल्या छोट्या पुतळ्यांच्या सैन्यांनी टेबलावर खेळायचा युद्धखेळ खेळतो. सुरुवातीला आमचा गट आठजणांचा होता, आता तीसहून अधिक लोक येतात. याचा आनंदच आहे. परंतु नव्यांपैकी काहीजण खेळातल्या मानवी साम्राज्याविषयी असे बोलतात, की जणू ती राज्यव्यवस्था खरोखरच हवीहवीशी आहे. लोकप्रियतेमुळे या खेळातले विडंबन संपले आहे का?

उत्तर : संपलेले नाही, पण ते पूर्वीइतके चटकन दिसत नाही, आणि त्याचा सगळा दोष नव्या खेळाडूंच्या माथी मारणे योग्य होणार नाही.

हा खेळ गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणला आणि त्याची पहिली आवृत्ती रिक प्रीस्टली यांनी लिहिली. मार्गारेट थॅचर पंतप्रधान होत्या तो हा काळ. त्या वेळच्या ब्रिटिश कॉमिक्समधला बोचरा, काळा विनोद या आवृत्तीच्या पानोपानी जाणवतो. तिच्यातल्या एका धर्मन्यायाधीशाचे नाव ओबीवान शेरलॉक क्लूसो असे आहे, म्हणजे ‘स्टार वॉर्स’मधला ओबीवान, शेरलॉक होम्स आणि ‘पिंक पँथर’मधला धांदरट इन्स्पेक्टर क्लूसो यांची खिचडी. हे नाव वाचल्यावर लेखक कोणत्या सुरात बोलत आहे, याबद्दल शंका उरत नाही. साम्राज्याच्या मध्यभागी सोन्याच्या सिंहासनावर दहा हजार वर्षे एक मरणासन्न सम्राट बसलेला आहे आणि त्याला टिकवून धरण्यासाठी रोज हजार माणसांचा बळी दिला जातो. खेळाच्या प्रास्ताविकातच या राजवटीचे वर्णन कल्पना करता येईल तितकी क्रूर आणि रक्तरंजित असे केलेले आहे. म्हणजे विडंबन कुठे लपवून ठेवलेले नव्हते, ते दारातच उभे होते.

अडचण अशी, की आज बहुतेक लोक त्या दाराने आत येतच नाहीत. तुम्ही-आम्ही नियमपुस्तक हाती घेऊन खेळात शिरलो. नवा खेळाडू बहुधा व्हिडिओ गेममधून किंवा मिनिटभराच्या चित्रफितीतून येतो. २००४ मध्ये ‘डॉन ऑफ वॉर’ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ‘स्पेस मरीन २’ या व्हिडिओ गेमांनी असे असंख्य लोक आणले. अशा गेममध्ये आपण सैनिकाच्या शिरस्त्राणातून जग पाहतो आणि त्या सैनिकाचा सम्राटावर पूर्ण विश्वास असतो. त्याला ‘हे सगळे भयंकर आहे’ असे सांगणारे तिथे सहसा कोणी नसते. निवेदकाचा आवाज काढून घेतला, की विडंबनाचे वीरकाव्य व्हायला वेळ लागत नाही.

शिवाय कंपनीने स्वतःही सूर बदलला, आणि ही गोष्ट गर्दीच्या आधीची आहे. १९८७ च्या पुस्तकातले स्पेस मरीन, म्हणजे साम्राज्याचे खास सैनिक, हे क्रूर टोळ्यांमधून उचललेले आणि मेंदूत आज्ञाधारकपणा कोंबलेले लोक होते. पुढे तेच उदात्त योद्धे झाले, कादंबऱ्यांचे नायक झाले आणि खेळाच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या खोक्यावर त्यांचेच चित्र आले. जो पुतळा सर्वाधिक खपतो, त्याला हास्यास्पद ठेवणे कोणत्याही विक्रेत्याला अवघडच जाते. या कंपनीवर माझे प्रेम आहे, तरीही हे मला सांगितलेच पाहिजे.

येथे एक जुना अभ्यास आठवतो. अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या ‘ऑल इन द फॅमिली’ या मालिकेत आर्ची बंकर या पूर्वग्रहदूषित माणसाची खिल्ली उडवलेली होती. नील विडमार आणि मिल्टन रोकीच या संशोधकांनी १९७४ मध्ये दाखवून दिले, की ज्यांच्या मनात मुळातच पूर्वग्रह अधिक होता, त्या प्रेक्षकांना आर्चीच अधिक आवडत होता आणि शेवटी त्याचीच सरशी होते असे त्यांना वाटत होते. प्रेक्षक वाढले, की असे वाचन करणारेही वाढतात. आठजणांच्या गटात असा एखादाही नसेल, तीसजणांत दोघे असू शकतात. पण त्या दोघांवरून उरलेल्यांची पारख करू नका.

प्रश्न : मी व्हिडिओ गेममधून या छंदाकडे वळले. पहिल्याच दिवशी मला सम्राटाच्या पुत्रांची नावे विचारण्यात आली आणि ती सांगता न आल्यामुळे ‘आधी वाचून या’ असा सल्ला मिळाला. खेळाचे मूळ रूप जपण्यासाठी अशी परीक्षा आवश्यक असते का?

उत्तर : मुळीच नाही, आणि आपल्याला तशी वागणूक मिळाली याचे मला मनापासून वाईट वाटते. वीस पुत्रांपैकी ज्यांची नावे खेळात दिलेली आहेत ते अठराही पुत्र एखाद्याला तोंडपाठ असू शकतात आणि तरीही साम्राज्य हे अनुकरणीय आहे असे त्याला वाटू शकते. पाठांतर हा विडंबन कळल्याचा पुरावा नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये सम्राटाच्या रक्षकदलात स्त्रियाही आहेत असे कंपनीने जाहीर केले, तेव्हा संतापलेल्यांमध्ये स्वतःला जुने निष्ठावंत म्हणवणारे कितीतरी होते.

दार राखायचेच असेल तर ते वर्तनावर राखावे. २०२१ मध्ये स्पेनमधल्या एका स्पर्धेत एक खेळाडू नाझी चिन्हे असलेले कपडे घालून आला. त्यानंतर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने निवेदन काढून सांगितले, की साम्राज्य द्वेषावर चालते, पण वॉरहॅमर द्वेषावर चालत नाही, आणि द्वेष पसरवणाऱ्या गटांची चिन्हे मिरवणाऱ्यांना आपल्या दुकानांत व कार्यक्रमांत थारा मिळणार नाही. मुद्दा काय माहीत आहे याचा नव्हता, माणूस टेबलाशी काय घेऊन येतो याचा होता. प्रत्येक गटाने एवढा नियम लेखी करावा आणि तो जुन्यानव्यांना सारखाच लावावा.

बाकीचे काम परीक्षेने नव्हे, सोबतीने होते. मी एकदा एक सर्व्हिटर रंगवत बसलो होतो. सर्व्हिटर म्हणजे मेंदूचा मोठा भाग काढून घेऊन यंत्राला जोडलेला माणूस. करड्या कातडीवर पातळ जांभळा रंग सोडला, की टाके आणि नळ्या उठून दिसतात. शेजारी बसलेल्या नवख्या मुलाने विचारले, ‘‘काका, याने काय गुन्हा केला होता?’’ मी सांगितले, की काहींनी गुन्हा केलेला असतो, तर काहींना प्रयोगशाळेत याच कामासाठी वाढवलेले असते. तो बराच वेळ त्या बोटभर पुतळ्याकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, ‘‘म्हणजे आपली बाजू चांगली नाहीच.’’ त्यानंतरही तो साम्राज्याचेच सैन्य खेळतो, पण डोळे उघडे ठेवून.

प्रश्न : डिसेंबर २०२४ मध्ये कंपनी लंडन शेअर बाजारातल्या शंभर सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या एफटीएसई १०० निर्देशांकात गेली आणि ॲमेझॉनशी पडद्यावरच्या निर्मितीचा करारही पक्का झाला. आता खेळ पूर्णपणे बाजाराचा होईल का?

उत्तर : तो १९८७ पासून बाजारातच आहे. पैशामुळे पुतळे अधिक सुबक झाले, आणि पूर्वी खेळायला जोडीदार मिळत नसे तो आता मिळतो. पडद्याबद्दल मात्र मला काळजी वाटते, कारण तिथे नायक लागतो. ती निर्मिती येईल तेव्हा मी लढायांकडे कमी आणि पार्श्वभूमीकडे अधिक लक्ष देणार आहे : दारे उघडणारे सर्व्हिटर चौकटीत ठेवले आहेत की काढून टाकले आहेत, हे पाहण्यासाठी.