नव्या गृहपालास

प्रिय मित्रा,

वसतिगृहावर रुजू झालास हे कळलं, बरं वाटलं. मुलांना वळण लागावं म्हणून रोज संध्याकाळी प्रार्थनेनंतर कोणत्या विषयावर बोलू, असं विचारलं आहेस. बोल की, कशावरही बोल. पण त्याआधी खोल्या कशा वाटणार आहेस, ते मला सांग.

प्रवेशाची यादी तुझ्या हातात प्रवर्गनिहाय येईल. जून-जुलैच्या गडबडीत गृहपाल ती वरून खाली धरतो आणि चार-चार नावं एकेका खोलीत टाकत जातो. मनात काही वाईट नसतं, काम उरकायचं असतं. पण दिवाळीपर्यंत एक खोली ‘त्यांची’ होते आणि दुसरी ‘आपल्यातली’. मग तू समतेवर कितीही पोटतिडकीनं बोल, पोरांनी जे शिकायचं ते शिकून झालेलं असतं. म्हणून ती यादी आधी मोड. गाव, इयत्ता, आडनाव सगळं मिसळून टाक आणि मगच नावं लाव.

हा पेच नवा नाही. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुस्लिम, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. आज कुणी त्यावर नाक मुरडतं, पण खेड्यातल्या पोराला शहरात भाकरी आणि छप्पर मिळणं हीच तेव्हा मोठी गोष्ट होती, आणि आपल्या समाजाच्या नावावर लोक पैसा देत. भाऊराव पाटील त्यातल्याच जैन बोर्डिंगात शिकायला होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला ते गेले, परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंगातून बाहेर पडले. पुढे 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला नाव दिलं गेलं ते शाहू महाराजांचंच. मला हे फार आवडतं.

त्या बोर्डिंगात मुलं स्वतः राबायची, एकत्र रांधायची, एका पंगतीत जेवायची. भाषणं झालीच असतील, भाऊराव अण्णा बोलायला कमी नव्हते. पण ज्याच्याबरोबर पीठ मळलं त्याच्या हातचं पाणी चालत नाही, असं म्हणायला पोराची जीभ रेटत नाही. आणि फक्त पोरांचंच कशाला? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेल्या. त्याच पुढे या सगळ्या मुलांच्या आई झाल्या. घरात दाणा नव्हता तेव्हा दागिने संपले आणि मंगळसूत्रही गेलं. मोठं माणूस बदलत नाही असं तुला कुणी सांगितलं तर त्यांची आठवण ठेव.

तुझ्याकडे आचारी आहे, मेसचा ठेका आहे, त्यामुळे मुलांनी रांधायचा प्रश्न येत नाही. वाढप मात्र मुलांकडे दे, पाळीपाळीनं. आणि पहिले पंधरा दिवस तू स्वतः पंगतीत बस, टेबलाच्या टोकाला वेगळी खुर्ची टाकून नको. आपलं ताट आपण घास. दहावीची पोरं बघतील आणि हसतीलही, हसू देत.

खरी शाळा दहावीचीच चालवतात, हे विसरू नकोस. पाचवीतलं पोर पेटी घेऊन येतं, त्या पहिल्या रात्री त्याला तुझे नियम सांगायला तू नसतोस. कुणाची बादली भरायची, कुणाच्या कॉटवर बसायचं नाही, सरांना काय सांगायचं आणि काय नाही, हे सगळं दिवे गेल्यावर ठरतं. पुढच्या वर्षी तेच पोर नव्याला तेच सांगतं. या साखळीत हात घालायचा असेल तर जूनमध्येच घाल. प्रत्येक नव्या मुलाची जबाबदारी एका मोठ्या मुलावर टाक आणि ती कुणावर टाकलीस, हे सगळ्यांसमोर सांग. दादागिरी करणाऱ्यालाच कधी कधी हे काम द्यावं. ते दर वेळी जमतंच असं नाही.

तुझ्याकडे ऊसतोडीच्या घरातली मुलं बरीच आहेत म्हणतोस, आणि ‘त्यांना काहीच वळण नाही’ असं वाक्य पत्रात लिहिलंस. ते मला खटकलं. दहा वर्षांचं ते पोर उसाच्या फडावर धाकट्या बहिणीला सांभाळत होतं, कोपीत म्हणजे तिथल्या झोपडीत चूल पेटवत होतं, आईबाप पहाटे कोयता घेऊन गेले की पाणी भरून ठेवत होतं. त्याला भरपूर वळण आहे, फक्त ते तुझ्या फॉर्मात बसत नाही. साहेबापुढे गप्प राहायचं हेही त्याला घरच्यांनीच शिकवलंय, कारण मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर असताना तोंड उघडणं परवडत नाही. ते गप्प बसलं की उर्मट म्हणू नकोस. ‘पानी’ म्हणालं की लगेच ‘पाणी’ करायला धावू नकोस. पुस्तकातली भाषा ते वर्गात शिकेल. घरची बोली लाजेनं सोडली, तर सुट्टीत आजीशी काय बोलणार?

पालक सभेचं एक सुचवतो. हंगाम संपवून लोक गावी परततात, तेव्हा एक सभा ठेव आणि सगळ्यांना जेवायला थांबव. वरण-भात-भाजीच असू दे. वाढायला मुलं, बसायला आईबाप, एकच पंगत. एखादा बाप ‘आज उपास आहे’ म्हणून उठेल. त्याला अडवू नकोस, वाद तर मुळीच घालू नकोस. त्याचा मुलगा हातात भाताचं पातेलं घेऊन तिथंच उभा असेल. तो काय करतो ते बघ आणि मला कळव.

तुझा,
एक जुना गृहपाल