चार वर्षांची मुलगी भाजी खात नाही. ‘भाजी संपव, मग चॉकलेट देईन’ असे सांगणे योग्य आहे का?

योग्य नाही, कारण अशा सौद्यात भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस ठरते आणि मुलीच्या मनात चॉकलेटचाच मान वाढतो. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी सुचवलेली कामाची वाटणी येथे उपयोगी पडते: काय, केव्हा आणि कोठे वाढायचे हे पालकांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलीने. नवी चव रुळण्यापूर्वी अनेक मुलांसमोर तो पदार्थ ८ ते १५ वेळा यावा लागतो, म्हणून दोडक्याची भाजी दोनदा नाकारली तरी ती वरणभातासोबत चमचाभर वाढत राहावी आणि त्याविषयी काहीही बोलू नये. (आजी-आजोबांना हे गप्प बसणेच सर्वांत जड जाते.) वजन वाढत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.