लंडनहून तीन वर्षांच्या मुलीला पेपा पिग वर्ल्डला न्यावं का? मे महिन्यात पुण्याहून आजी-आजोबा आणि आठ वर्षांचा पुतण्या येताहेत, त्यांना कंटाळा येईल का?

न्या, आणि याच वर्षी न्या. पेपा म्हणजे टीव्हीवरच्या कार्टूनमधलं डुकराचं पिल्लू, आणि तिचं वेड साधारण दोन ते पाच या वयातलं. सहावं लागलं की हीच मुलं ‘ते बाळांचं असतं’ म्हणून नाक मुरडतात. तुमचा पुतण्याही मुरडेल, पण त्याची सोय आहे, ती पुढे सांगते.

पेपा पिग वर्ल्ड हा स्वतंत्र पार्क नाही. हॅम्पशायरमध्ये न्यू फॉरेस्टच्या कडेला पॉल्टन्स पार्क आहे, १९८३ पासूनचा. त्यात २०११ साली हा भाग सुरू झाला. तिकीट अख्ख्या पार्कचं एकच असतं. एक मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना प्रवेश फुकट, तेव्हा बुकिंगच्या आधी लेकीला दाराच्या चौकटीला टेकवून मोजा. तीन वर्षांची मुलं बहुधा मीटरच्या आतच भरतात.

राइड्स म्हणाल तर मोठ्यांच्या नजरेतून अगदीच साध्या. फुग्याच्या टोपलीत बसून हळूहळू वर जायचं आणि गोल फिरायचं, पेपाचा भाऊ जॉर्ज, त्याच्या डायनासोरवर बसून एक चक्कर मारायची, ग्रँडपा पिगच्या आगगाडीतून बागेला वळसा. पण डॅडी पिगच्या गाडीत मुलीला पुढे बसवा आणि तिचा चेहरा बघा. गाडी रुळावरूनच जाते, स्टिअरिंगचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. तरी आमची कन्या प्रत्येक वळणावर दोन्ही हातांनी, जीभ बाहेर काढून ते फिरवत होती आणि मला ‘आई, बोलू नको, मी चालवतेय’ म्हणून दटावत होती. माझे तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले. राइडपेक्षाही मुलांना भूल पडते ती टीव्हीवरचं गाव समोर उभं राहिल्याची. टेकडीवरचं पेपाचं घर दिसलं की रांग-बिंग विसरून धावत सुटतात, म्हणून हात घट्ट धरा.

फुगे आणि मिस रॅबिटचं हेलिकॉप्टर यांना सगळ्यात लांब रांग असते. गेट उघडताच सरळ तिकडे जा, नाहीतर ते संध्याकाळवर ठेवा, तोवर लांबून आलेली मंडळी परतायला लागलेली असतात. ‘मडी पडल्स’मध्ये पाण्याची कारंजी आहेत. मुलगी भिजणारच, कितीही बजावलंत तरी. मे महिन्यातलं इंग्लंडचं ऊन फसवं असतं, त्यामुळे कपड्यांचा जोड आणि टॉवेल हवाच.

पुतण्याला पार्कमधल्याच ‘लॉस्ट किंग्डम’ या भागाकडे वळवा. तिथे दोन रोलरकोस्टर आहेत, त्यातला व्हेलॉसिरॅप्टर आधी पुढे आणि मग उलटा मागे धावतो. २०२१ साली सुरू झालेलं ‘टॉर्नेडो स्प्रिंग्ज’ही त्याच्याच वयाचं. उंचीची अट प्रत्येक राइडला वेगळी, ती आधी वेबसाइटवर बघून ठेवा, म्हणजे रांगेच्या टोकाला जाऊन रडारड होत नाही. तुमच्यापैकी एकाने त्याच्याबरोबर आणि एकाने मुलीबरोबर राहायचं, हे घरूनच ठरवून निघा.

आजी-आजोबांसाठी बागा आहेत, पेंग्विन आणि फ्लेमिंगो आहेत, बसायला जागाही भरपूर. मात्र दिवसभर चालणं होतं. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर आगगाडी आणि बाक एवढंच ठरवा. घरचं खाणं नेता येतं. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं असलं की कुणाची कुरकुर राहत नाही.

तारीख मात्र जपून निवडा. मेअखेरीस इथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते, तो आठवडा टाळाच. पुतण्याची शाळा तशीही जूनपर्यंत बंद, त्यामुळे मेच्या मध्यातला मंगळवार-बुधवार गाठा. गाडीने येणार असाल तर एम-३ मोटरवेवरून एम-२७, जंक्शन २ ला बाहेर पडा. ट्रेनने वॉटर्लूहून साउदॅम्प्टन सेंट्रल सव्वा-दीड तास आणि पुढे टॅक्सी. पण तुम्ही सहा जण, शिवाय बाबागाडी, तेव्हा मी तरी मोठी गाडी भाड्याने घेईन.