घरातल्या वस्तूंवर गोधडी शिवता येते का? येते की, पण सगळ्याच वस्तूंवर नाही

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये एकच सूर आहे, शिवणाच्या सामानाची यादी कापडापेक्षा महाग पडते, तर घरात पडलेल्या वस्तूंवर भागेल का. त्यातले नेहमी अडणारे प्रश्न घेतलेत.

प्रश्न: ताई, मला चौकोन जोडून गोधडी शिवायची आहे. व्हिडिओ बघितले तर सामानाची यादी संपतच नाही. खरंच काय विकत घेऊ आणि काय घरचं चालेल?

माझा हिशोब सोपा आहे. जी वस्तू कापड धरून ठेवते, खूण करते किंवा आकार देते ती घरातली बिनधास्त वापरा. जी कापते, टोचते किंवा कापडात कायमची राहते ती नीट बघून विकतच घ्या. म्हणजे नवीन सुया, बरा दोरा आणि एक कात्री जी फक्त कापडाला लागेल, घरात कुणी तिने कागद कापला तर भांडायचं. गोल पात्याचा रोटरी कटर सुरुवातीला नसला तरी अडत नाही, पण घेतलात तर कापताना खाली ठेवायची त्याची मॅट आणि जाड अॅक्रिलिकची पट्टी पण घ्या. इथे जुगाड नको. बरेच जण घरातली स्टीलची फूटपट्टी लावतात, ती इतकी पातळ असते की पातं सहज तिच्यावर चढतं आणि पुढे बोटच असतं. आणि हो, पिझ्झा कटरने कापड कापेल का असं तिघींनी विचारलंय. नाही कापणार, नुसतं चुरगळेल.

बाकी डब्या, क्लिपा, चुंबकं, आकार आखायचे साचे म्हणजे टेम्प्लेट वगैरेवर पैसे घालवायची काही गरज नाही. गोल आकाराला बांगडी, वाटी, ताटली घ्या. टाचण्या सांडल्या की फ्रिजवरचं चुंबक फिरवा. दोऱ्याचा मोठा कोन मशीनवर बसत नसेल तर मशीनच्या मागे मगमध्ये उभा ठेवा, मशीनच्या वरच्या बाजूला एक सेफ्टी पिन टेपने चिकटवा आणि तिच्या गोल भोकातून दोरा घेऊन मग मशीनमध्ये ओवा, छान सुटतो.

प्रश्न: कापडावर खूण करायला काय वापरू? पेनाच्या खुणा राहतात.

बॉलपेन विसरूनच जा. गडद कापडाला साबणाच्या उरलेल्या पातळ वडीसारखं दुसरं काही नाही, वापरून वापरून कड धारदार होते ती चार दिवस कोरडी होऊ द्यायची, रेघ बारीक येते आणि धुतली की जाते. फक्त साधा पांढरा साबण हवा. क्रीमवाला, मॉइश्चरायझरवाला नको, त्यावर इस्त्री फिरली की तेलकट डाग बसू शकतो. फिक्या कापडावर साबण दिसत नाही, तिथे हलक्या हाताने साधी पेन्सिल, तीही आधी कापडाच्या तुकड्यावर धुऊन बघून.

आता ते इस्त्रीने उडणारे जेल पेन. त्यांची शाई साधारण ६० अंशांना दिसेनाशी होते, जात मात्र नाही, आणि तापमान शून्याखाली १० अंशांच्या आसपास गेलं की रेघा परत दिसायला लागतात. म्हणजे कडाक्याच्या थंडीतल्या नातेवाइकाला गोधडी पाठवलीत तर तुमचं सगळं आखलेलं तिथे उमटू शकतं! शिवणीच्या आत जाणाऱ्या खुणांना ठीक आहे, वरच्या बाजूला मी तरी नाही वापरत.

सरळ रेघांना मुळात खूणच कशाला हवी, मास्किंग टेप लावा आणि तिच्या कडेने टाके घाला, मग उचलून पुढे लावा. एकच तुकडा चार-पाच वेळा चालतो. काम थांबवताना मात्र टेप काढून ठेवायची, रात्रभर नाही ठेवायची, उन्हात तर अजिबात नाही, नाहीतर डिंक कापडाला धरतो. आणि टेपमधून टाका घालू नका, सुई चिकट होते आणि टाके सुटायला लागतात.

प्रश्न: मी सगळे चौकोन अगदी मापून कापते, तरी ओळी जोडताना टोकं जुळत नाहीत. काय चुकतंय?

कापण्यात नाही, तुमची माया, म्हणजे शिवण आणि कापडाची कड यांच्यात सोडलेली जागा, सारखी येत नाहीये. गोधडीत माया पाव इंच धरतात, म्हणजे ६ मिलिमीटरच्या जरा वर. आता एका ओळीत १२ चौकोन असतील तर ११ शिवणी आल्या. माया फक्त १ मिलिमीटर जास्त गेली तर प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंचे मिळून २ मिलिमीटर जातात, म्हणजे अख्खी ओळ २२ मिलिमीटर आखूड! दुसरी ओळ जरा बरी शिवली गेली असेल तर कशी जुळणार ती.

यासाठी मशीनचा वेगळा प्रेसर फूट, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा भाग, घ्यायच्या आधी हे करून बघा. पाव इंचाच्या रेघा असलेली पट्टी प्रेसर फूटखाली ठेवा, पट्टीचं टोक उजवीकडे नाही, तिची लांब कड उजवीकडे. चाक हाताने फिरवून सुई हळूच खाली आणा, पाव इंचाच्या रेघेला नुसती टेकली पाहिजे, दाबायची नाही. मग पट्टीच्या उजव्या कडेला लागून चिकट चिठ्ठ्यांचा जाडसर गठ्ठा मशीनच्या प्लेटवर बसवा. गठ्ठ्याला जाडी असते म्हणून कापड त्याला टेकून सरळ सरकतं, नुसत्या काढलेल्या रेघेवर नजर ठेवण्यापेक्षा खूपच सोपं जातं. गठ्ठा कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांवर येत असेल तर तेवढा कोपरा कापून टाका, खालच्या दोऱ्याच्या बॉबिनचं झाकणही अडवू नका.

मग तपासणी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली मोजा. बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर गठ्ठा केसभर सुईकडे सरकवा, जास्त भरली तर लांब. कापड दुमडताना पण थोडं जातंच, त्यामुळे माया पाव इंचाला किंचित कमीच लागते असं बहुतेकांना आढळतं.

प्रश्न: तिन्ही थर एकत्र धरताना खालच्या अस्तराला झोळ येतो. आणि त्या रंगीत क्लिपा घ्याव्यात का?

क्लिपा नका घेऊ. बाइंडिंगची, म्हणजे गोधडीच्या कडेला लावायची पट्टी धरायला कपड्यांचे चिमटे, केसांच्या टिकटॉक पिना, ऑफिसातल्या बाइंडर क्लिपा, काहीही चालतं. फक्त क्लिप फूटखाली जाऊ देऊ नका, जवळ आली की काढा. मखमल किंवा रेक्झिनवर बाइंडर क्लिपचा वळ राहतो, तिथे चिमटेच बरे.

झोळ जाईल. अस्तर उलटं करून फरशीवर पसरा, कडा मास्किंग टेपने चिकटवा, आधी समोरासमोरच्या बाजू, मग कोपरे. ताठ हवं, ताणलेलं नको, कारण ताणलेलं अस्तर टेप काढली की आखडतं आणि मग वरच्या थराला चुण्या पडतात. त्यावर मधला थर, मग वरचा, आणि मधून बाहेर अशा सेफ्टी पिना लावत जा, तळहात ठेवला तर कुठे ना कुठे पिन लागलीच पाहिजे इतक्या जवळ. पन्नासेक पिना लावल्या की नखं दुखतात, तर पिनेचं टोक वर आलं की त्याखाली चमच्याची कड घाला, टोक उचला आणि दुसऱ्या हाताने बंद करा. महिनोन्‌महिने पिना ठेवू नका, गंज लागला तर तो डाग निघणं कठीण.

प्रश्न: हाताने टाके घालताना सुई निसटते, बोटं सोलवटतात.

फुटक्या फुग्याचा तुकडा जवळ ठेवा, त्यात सुई पकडून ओढली की पटकन येते. जुन्या रबरी हातमोज्याचं एक बोट कापून घातलंत तरी चालेल. हे ओढायला झालं, ढकलायला मात्र धातूचं अंगुस्तानच लागतं, रबरातून सुई आरपार जाते.

प्रश्न: पॉलिश पेपर कापला की कात्रीला धार येते म्हणतात, खरं का?

पात्यावरची बारीकशी खरखर जाते, म्हणून बरं वाटतं थोडे दिवस. बोथट कात्री त्याने धारदार होत नाही, कापडाच्या चांगल्या कात्रीला तर हा प्रयोग नकोच, धार लावणाऱ्याकडे द्या. पॉलिश पेपर वाया घालवू नका मात्र, पुठ्ठ्याच्या टेम्प्लेटच्या मागे चिकटवा, खरखरीत बाजू कापडाकडे, आखताना टेम्प्लेट जागचं हलत नाही. पुठ्ठ्याच्या कडा झिजायला लागल्या तर जुन्या एक्सरेच्या फिल्मचं टेम्प्लेट करा, त्यातून कापडावरचं डिझाइन पण दिसतं.