स्टाफची खोली जनरेटरला लागून मिळाली तर काय करायचं?

मनालीत तुला दिलेली खोली जनरेटरच्या भिंतीला लागून आहे, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही आणि ऑफिस ‘ॲडजस्ट कर’ म्हणतंय, असं तू लिहिलंयस. टूर मॅनेजर म्हणून अशा बऱ्याच खोल्यांत राहिलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे बघ: जनरेटरचा धूर खोलीत येतोय का? कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो आणि रंगही नसतो. सकाळी डोकं जड आणि मळमळ असेल तर ‘उंचीमुळे होतंय’ म्हणून सोडून देऊ नकोस. खोली बदलेपर्यंत रिसेप्शनच्या सोफ्यावर झोप, पण त्या खोलीत नको. थंडी आहे म्हणून कुणी कोळशाची शेगडी दिली तर तीही बंद खोलीत ठेवायची नाही. डोंगरात दर हिवाळ्यात माणसं अशीच जातात.

आता आवाजाचं. रात्री एक वाजता रिसेप्शनला भांडून काही मिळत नाही, सगळ्या चाव्या वाटून झालेल्या असतात. मी आदल्या दिवशी सकाळी, चेक-आउट सुरू असतानाच पुढच्या हॉटेलला फोन करतो. रूमिंग लिस्टमध्ये, म्हणजे कुणाला कुठली खोली त्या यादीत, माझ्या नावापुढे लिहून घेतो: जनरेटर, लिफ्ट, पाण्याचा पंप आणि किचनचा एक्झॉस्ट यांच्यापासून लांब. छोटी चालेल, बिनखिडकीची नको. पोचल्यावर पाहुण्यांच्या चाव्या वाटायच्या आधी पाच मिनिटं काढून स्वतःची खोली बघतो. ही पाच मिनिटं घ्यायला लाजू नकोस.

फोमचे इअरप्लग कायम जवळ ठेव. नुसते कानात कोंबून उपयोग नसतो. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचे. पाहुण्याचा फोन ऐकू येणार नाही अशी भीती वाटते, मलाही वाटायची. मोबाईल व्हायब्रेटवर ठेवून उशीखाली सरकव. इअरप्लगने जनरेटरची धडधड पूर्ण जात नाही, कारण ती भिंतीतून आणि पलंगातून येते. पलंग त्या भिंतीपासून हातभर ओढला की बराच फरक पडतो.

ऑफिसला कसं सांगायचं? ‘झोप लागली नाही’ एवढंच कळवलं की ती कुरकुर वाटते. एकदा दोन रात्री न झोपता मी हिमाचलातल्या मंडी शहराजवळ, चहाच्या थांब्यावर पाहुण्यांची चुकीची मोजणी केली. एक आजी वॉशरूममध्येच राहिल्या आणि गाडी निघाली. दहा मिनिटांनी त्यांच्या नातवाच्या लक्षात आलं. परत गेलो तेव्हा त्या पर्स छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. तेव्हापासून मी लेखी कळवतो, खोलीचा व्हिडिओ आवाजासकट पाठवतो आणि पाहुण्यांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे असं स्पष्ट लिहितो.

आणि तुझा ड्रायव्हर कुठे झोपतोय? बहुतेक गाडीतच. तमिळनाडूने 2023 मध्ये हॉटेलांना ड्रायव्हरांच्या झोपण्याची सोय करणं बंधनकारक केलं, पण बऱ्याच ठिकाणी आपल्यालाच मागावं लागतं. तुझ्या खोलीबरोबर त्याच्यासाठीही गादी माग. रोहतांगला निघायच्या आधी, रात्री किती तास झोप झाली ते त्याला विचार. चार तासांपेक्षा कमी म्हणाला तर गाडी उशिरा काढ. पाहुण्यांना खरं कारण सांग, मी सांगितलंय तेव्हा एकानेही तक्रार केलेली नाही.