तीन वर्षं एमपीएससी करतोय, आता पुस्तक उघडावंसं वाटत नाही. उमेद कशी टिकवायची?

तुम्ही लिहिलंय की परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. अ‍ॅग्री झालंय, संभाजीनगरात खोली करून तीन वर्षं राज्यसेवेची तयारी चाललीय, दोनदा पूर्व थोडक्यात हुकली आणि आता अभ्यासिकेत बसलं की डोकं सुन्न होतं. लोकांच्या उपयोगाचं काम करायचंय म्हणून हा रस्ता धरला, पण आता सकारात्मक कसं राहायचं, असं विचारलंय.

आधी उमेद यावी आणि मग अभ्यास व्हावा, असा क्रम नसतो. आपण पुढं सरकतोय हे डोळ्यांना दिसलं की उमेद येते. या परीक्षेत निकाल लागतो वर्षातून एकदा आणि तोही फक्त झालं किंवा नाही झालं एवढंच सांगतो. मधल्या काळात काहीच दिसत नाही, म्हणून भली भली पोरं खचतात. व्हिडिओ पाहून अर्धा तास बरं वाटतं, पण ही मूळ अडचण तशीच राहते.

तेव्हा तास मोजणं आजपासून बंद करा. 'रोज बारा तास बसतो' यातून काहीच कळत नाही. दर रविवारी घड्याळ लावून सामान्य अध्ययनाचा एक पूर्ण पेपर सोडवा: 100 प्रश्न, 200 गुण, 2 तास. सोडवतानाच प्रत्येक प्रश्नापुढं खूण करा: पक्कं येतं, दोन पर्यायांत अडलो, किंवा ठोकून दिलं. तपासताना तिन्हींचे गुण वेगवेगळे काढा. बरोबर उत्तराला 2 गुण, चुकलं तर त्या 2 गुणांचा पाव हिस्सा, म्हणजे अर्धा गुण जातो. दोन पर्याय खात्रीनं कटले असतील तर असा प्रश्न सोडवणं सरासरी पाऊण गुण देतं. एकही कटला नसेल तर जेमतेम 0.125. म्हणजे 20 प्रश्न अंदाजानं ठोकले तर सरासरी अडीच गुण हाती लागतात, आणि दिवस वाईट असला तर 10 जातात. थोडक्यात हुकणाऱ्यांचे गुण बहुतेक वेळा 'पक्कं येतं'च्या रकान्यातच गेलेले असतात, कारण 'अयोग्य विधान ओळखा' हे घाईत वाचलेलंच नसतं. त्यावर नवीन पुस्तक हा उपाय नाही.

चुकांची वही ठेवा, पण तिच्यात अख्खं स्पष्टीकरण उतरवून काढू नका. मग ती वही पुन्हा कोणी उघडत नाही. एका चुकीला एक ओळ: काय चुकलं आणि का. माहीत नव्हतं, नीट वाचलं नाही, की विसरलो. सहा-सात रविवारांनंतर 'नीट वाचलं नाही'च्या ओळी कमी झालेल्या दिसल्या की मनाला जो आधार मिळतो, तो खरा असतो. सीसॅट, म्हणजे पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर, पात्रतेपुरता आहे, 200 पैकी 66 लागतात; पण तो शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, लेखी 1750 आणि मुलाखत 275. वैकल्पिक विषयांत कृषी आहे, ही तुमची जमेची बाजू. रोज एक उत्तर, दीडशे शब्दांचं, हातानं लिहा आणि सोबतच्या कुणाला तरी वाचायला द्या.

दुसरी गोष्ट वयाची. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी 38 वर्षांपर्यंत बसता येतं, आणि या आकड्यानं खूप जण गाफील राहतात. बँकांतलं कृषी अधिकाऱ्याचं पद किंवा नाबार्डचं ग्रेड ए अधिकाऱ्याचं पद यांना खुल्या प्रवर्गाची मर्यादा 30 आहे. म्हणून आणखी किती प्रयत्न देणार हे आत्ताच कागदावर लिहा, तारखेसकट, आणि ते घरी सांगा. दुसरा रस्ता ठेवला की मन एकाग्र राहत नाही, असं म्हणतात; मला ते अजिबात पटत नाही. पाठीशी काहीच नसलं की माणूस परीक्षेच्या हॉलमध्ये घाबरतो आणि तिथंच जास्त चुका होतात. कृषी पदवीधरांसाठी केंद्राची अ‍ॅग्री क्लिनिकची योजना आहे: 45 दिवसांचं मोफत प्रशिक्षण, आणि पुढं कर्ज घेऊन उद्योग उभा केला तर अनुदान. खत-औषधांच्या दुकानाच्या परवान्यालाही तुमची पदवी चालते. हा रस्ता कमी प्रतीचा समजू नका.

आणि ज्या कामासाठी पद हवंय, त्यातलं थोडं काम आजच करता येतं. मे महिन्यात गावाकडं गेलात की चार-पाच घरचं सोयाबीन बियाणं तपासून द्या. गोणपाटाचा तुकडा ओला करा, त्यावर दहा-दहा बियांच्या दहा ओळी मांडा, वरून दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उघडून फक्त चांगले, सरळ कोंब मोजा. 70 किंवा जास्त आले तर नेहमीसारखं एकरी 30 किलो पेरायला सांगा. 60 आले तर एकरी 35 किलो लागेल. त्याहून फार कमी असेल तर ते बी पेरूच नये. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. मळणी यंत्र जोरात फिरवलं किंवा पोत्यांची उंच थप्पी लावली की बी आतून मार खातं आणि वरून चांगलंच दिसतं. आठवड्याच्या या कामानं एखाद्या घरची दुबार पेरणी टळू शकते. लोकांच्या उपयोगी पडायला निवड यादीची वाट पाहावी लागत नाही, हे असं काम करूनच पटतं.

एक इशारा मात्र देतो. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर तो आळस नव्हे आणि वेळापत्रकानं तो जाणार नाही. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं. त्याच दिवशी फोन करा.

लग्नसराईत 'काय झालं बाबा निकालाचं?' हे विचारणारच. लपून राहिलात तर घरच्यांना उत्तरं द्यावी लागतात. 'अमुक परीक्षेपर्यंत देणार आहे, नंतर अ‍ॅग्री क्लिनिकचं प्रशिक्षण' असं सरळ तारखेसकट सांगा. बहुतेक लोक तिथंच थांबतात. वडिलांना मात्र महिन्यातून एकदा रविवारच्या पेपरचे गुण सांगत जा, कमी असले तरी.

वय, प्रवर्ग आणि शेवटच्या तीन सराव पेपरांचे गुण खाली लिहा. तिन्ही रकाने वेगळे काढून लिहिलेत तर कुठं गळती आहे ते नेमकं सांगता येईल.